मोजलेले तास आणि सख्य

मराठी मुलांच्या खेळात 'कच्चे लिंबू' नावाची एक जुनी सोय आहे. वयाने लहान किंवा अंगाने दुबळे असे एखादे मूल डावात घेतले जाते. ते धावते, लपते, आरडाओरडा करते. मात्र त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बाद झाले तरी बाद धरले जात नाही. मोठ्या मुलांच्या दृष्टीने ही उदारताच असते. ज्याच्यावर ती केली जाते ते मूल मात्र स्वतःला इतरांसारखाच एक भिडू समजत असते. आपण भिडू नव्हतो, कच्चे लिंबू होतो, हे ज्या दिवशी त्याला कळते त्या दिवशी ते घरी येऊन रडते आणि पुन्हा त्या अंगणात जायला तयार होत नाही. त्याच्यापासून कोणी काही हिरावून घेतलेले नसते; उलट नियमाने मिळाले असते त्याहून अधिकच त्याला मिळालेले असते. मग त्याचा अपमान नेमका कशाने झाला, या प्रश्नाला वाटते तितके सोपे उत्तर नाही. गॅब्रिएल झेव्हिन या अमेरिकन लेखिकेची 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (2022) ही कादंबरी हाच प्रश्न चारशे पानांत वेगवेगळ्या रूपांनी विचारते. तिच्याकडे संगणकीय खेळांविषयीची एक लोकप्रिय प्रेमकथा म्हणून पाहिले गेले, त्यामुळे तिच्यातील नीतिविचाराकडे समीक्षेचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

कथेचा आरंभ 1987 साली लॉस एंजलिसमधील एका रुग्णालयात होतो. मोटार-अपघातात सॅमची आई गेली आहे आणि त्याच्या पायाचा चुराडा झाला आहे. अपघातानंतर सहा आठवडे तो कोणाशी एक अक्षरही बोललेला नाही. सेडी ग्रीन ही अकरा वर्षांची मुलगी आपल्या आजारी बहिणीसाठी त्याच रुग्णालयात आलेली असते. खेळाच्या खोलीत एक मुलगा 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळताना तिला दिसतो. त्याचे कौशल्य पाहून ती त्याच्याशी बोलते, आणि तो उत्तर देतो. परिचारिकांना या संवादाचे मोल तत्काळ उमगते. सेडीने पुन्हा यावे, आणि ज्यू मुलींच्या बात मित्झ्वा या विधीसाठी जी समाजसेवा करावयाची असते तिच्यात हे तास धरावेत, असे सुचविले जाते. सेडी येत राहते, खेळत राहते आणि प्रत्येक भेटीनंतर एका कागदावर सही घेत राहते. चौदा महिन्यांत 609 तास भरतात. सेडीची बहीण अ‍ॅलिस ही गोष्ट सॅमला सांगते. सॅम मैत्री तोडतो आणि पुढे सहा वर्षे दोघांत अबोला राहतो.

सेडीच्या बाजूने जे म्हणता येईल ते कमी नाही. तास मोजले नसते तरी ती गेली असती. तिला सॅमबरोबर खेळणे मनापासून आवडत होते. कागद हे निमित्त होते, प्रयोजन नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलने उपयुक्ततेची, सुखाची आणि सद्‍गुणांची असे मैत्रीचे तीन प्रकार मानले; त्या विभागणीने पाहू गेले तर सेडीची मैत्री पहिल्या प्रकारात बसवणे अन्यायाचे होईल. कांटच्या सूत्राचा आधार घेतला तरी हाच निष्कर्ष निघतो. माणसाला साधन म्हणून वापरण्यास त्याची मनाई नाही. केवळ साधन म्हणून वापरण्यास आहे. सेडीने सॅमला केवळ साधन मानलेले नाही. तेव्हा हेतूंची झडती घेणारी नीतिमीमांसा येथे सेडीला निर्दोष ठरवते आणि सॅमला हळव्या मनाचा, काहीसा आततायी मुलगा ठरवते. परंतु वाचकाचे मन या निवाड्याला राजी होत नाही. ते का होत नाही, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

एक उत्तर देरिदाने 1991 च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या दानाच्या विचारातून सुचते. दान हे दान म्हणून ओळखले गेले की ते दान उरत नाही. देणाऱ्याच्या मनातील 'मी दिले' ही नोंदसुद्धा त्याचे विनिमयात रूपांतर करते, असा त्याचा युक्तिवाद आहे. सेडीचा कागद म्हणजे ही मनातली नोंद कागदावर उतरलेली. तरीही हा युक्तिवाद येथे पुरा पडत नाही. तो मान्य केला तर कोणतीच मैत्री निष्कलंक राहणार नाही, कारण आपण मित्रासाठी काय केले हे अजिबात न जाणणारा माणूस सापडणे कठीण आहे. आणि सॅमला झालेल्या दुःखाचे विशेषपण त्या सर्वव्यापी अशक्यतेत विरून जाईल. (दैनंदिन व्यवहारातील एखादी जखम दाखवावी आणि विचारवंताने 'मुळात त्वचाच असंभवनीय आहे' असे म्हणावे, असा प्रकार या परंपरेत वरचेवर घडतो.)

कागदाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. तो केवळ हिशेब नाही. ते एक वर्णन आहे. त्यात सॅमचा उल्लेख ज्याची सेवा केली असा एक आजारी मुलगा एवढाच आहे. हे वर्णन तिसऱ्या कोणाच्या वाचनासाठी लिहिले जाते. ज्याच्याविषयी ते आहे त्याला मात्र ते दाखवले जात नाही. खेळाच्या खोलीत सॅम आणि सेडी या दोघांचे वर्णन एकच होते: खेळणारे. हुइझिंगाने 1938 मध्ये खेळाभोवतीच्या ज्या रेखाटलेल्या वर्तुळाविषयी लिहिले, त्या वर्तुळाच्या आत मोडलेला पाय नव्हता, मेलेली आई नव्हती. होते ते नळकांडी, कासवे आणि झेंड्याचा खांब. खेळाने दिलेली समता ही कोणाच्या कृपेची समता नसते. एकच नियम दोघांनी स्वीकारल्यामुळे ती आपोआप निर्माण होते. कागदाने ती मोडली. मोडली म्हणजे खेळताना मोडली असे नव्हे; त्या 609 तासांचा अर्थ सांगण्याचा अधिकार सॅमला न विचारता दुसरीकडे सोपवला गेला. सेडीची आजी फ्रीडा हिला हे आधीच दिसले होते. मैत्री आणि दानधर्म यांची सरमिसळ करू नये, त्या मुलाला सांगून टाकावे, असा इशारा तिने नातीला दिला होता. सेडीने तो मानला नाही, कारण सांगितले तर खेळ थांबेल ही भीती तिला होती. ही भीतीच तिच्या प्रेमाची साक्ष आहे आणि तिच्या अपराधाचीही.

बालपणी एकत्र खेळलेल्या दोघांच्या दुराव्याची कथा भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रुपद भरद्वाजाच्या आश्रमात येऊन द्रोणाबरोबर खेळतो आणि शिकतो. पुढे राजा झालेला द्रुपद दरिद्री द्रोणाला सांगतो की सख्य समानांतच संभवते. द्रोणाचे उत्तर विलक्षण आहे. तो शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवतो, अर्धे राज्य स्वतःकडे ठेवतो आणि अर्धे परत देतो, कारण आता दोघे समान झाले आणि सख्याला अडचण उरली नाही. हिशेब अगदी चोख आहे. सख्य मात्र तेथेच संपते. द्रुपद धृष्टद्युम्नाच्या जन्मासाठी यज्ञ करतो आणि त्या हिशेबाची बाकी कुरुक्षेत्रावर फिटते. खेळात जी समता फुकट मिळाली होती ती राज्याच्या वाटणीने परत मिळवता येत नाही, एवढे तर या कथेतून निश्चित दिसते. भागवतातील सुदाम्याची कथा उलट दिशेने जाते. सुदामा काही मागत नाही. कृष्ण देतो, पण देताना सांगत नाही. सुदाम्याला ते घरी पोहोचल्यावर कळते. देणाऱ्याचे हे मौन घेणाऱ्याला याचक होण्यापासून वाचवते. मात्र येथेही एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. कृष्णाच्या बाबतीत हा प्रश्न भक्त विचारणार नाहीत; दोन माणसांच्या बाबतीत तो विचारावा लागतो, आणि झेव्हिनच्या कादंबरीच्या उत्तरार्धात तो विचारला गेला आहे.

तत्पूर्वी 1995 च्या डिसेंबरचा प्रसंग आहे. हार्वर्डचा विद्यार्थी झालेला सॅम भुयारी रेल्वेच्या स्थानकावर गर्दीत सेडीला पाहतो आणि 'द ऑरिगन ट्रेल' या लहानपणीच्या खेळातील एक मृत्युवार्ता मोठ्याने ओरडतो. ती वळते. दोघे बोलतात, आणि निघताना सेडी त्याच्या हातात स्वतः रचलेल्या खेळाची एक तबकडी ठेवते. त्या खेळाचे नाव 'सोल्यूशन'. खेळणारा एका कारखान्यात सुटे भाग जुळवतो आणि गुण मिळवतो. कारखाना कसला आहे हे विचारता येते, पण विचारल्यास गुण कमी होतात. जो काहीच न विचारता भराभर गुण मिळवतो त्याला शेवटी कळते की तो नाझी जर्मनीसाठी काम करीत होता. सेडीच्या वर्गातील काहींना हा खेळ संतापजनक वाटतो.

या खेळाचा आणि त्या कागदाचा संबंध कादंबरी कोठेही उघडपणे जोडत नाही. तो जोडणे वाचकाकडे येते. अकरा वर्षांच्या सेडीनेही गुण मिळवले होते आणि ते कशाचे आहेत हे न विचारण्यातच तिची सोय होती. नाझी कारखाना आणि रुग्णालयातील मैत्री यांना एका तागडीत घालणे अर्थातच विपरीत होईल. साम्य अपराधाच्या आकारात नाही, रचनेत आहे. मोजदादीला स्वतःची अशी एक गती असते. ती माणसाला पुढच्या अंकाकडे नेते आणि तो अंक कशाचा, हा प्रश्न खर्चिक करून ठेवते. सेडीने ज्या माणसाला दुखावले त्याच्याच हाती आपला हा खेळ दिला. शब्दांत मागितली न गेलेली क्षमा येथे एका रचनेच्या रूपाने पुढे केली जाते, असा अन्वय लावला तर तो ओढूनताणून लावलेला ठरू नये.

या ठिकाणी एका वादाचा निर्देश करणे भाग आहे. ब्रेंडा रोमेरो या खेळरचनाकार स्त्रीने 2009 मध्ये 'ट्रेन' नावाचा पटावरचा खेळ सिद्ध केला होता. त्यात खेळणारे माणसांची प्रतीके मालडब्यांत भरतात, आणि गाडी छळछावणीकडे चालली होती हे शेवटी उघड होते. 'सोल्यूशन'ची कल्पना आपल्या कृतीशी मिळतीजुळती असून तिचे ऋण मान्य केले गेले नाही, असा आक्षेप रोमेरो यांनी जाहीरपणे नोंदवला. 'इचिगो' या खेळाचे श्रेय जग सॅमला अधिक देते म्हणून सेडीचा जीव जळत राहतो, हा ज्या कादंबरीचा एक मुख्य धागा, तिच्याचबाबत हा प्रश्न उठावा यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

1995 च्या भेटीत 609 तासांविषयी कोणी बोलत नाही. दोघे नवा डाव मांडतात. खेळातील पात्र मेले तरी पुन्हा उठते, ही कल्पना कादंबरीभर खेळवलेली आहे. शीर्षक मॅक्‌बेथच्या पाचव्या अंकातील प्रसिद्ध स्वगतातून घेतलेले आहे. तेथे उद्यांची रांग ही निरर्थकतेची रांग आहे, आणि सॅम-सेडीचा मित्र व सहकारी मार्क्स वातानाबे तिचाच अर्थ उलटवून प्रत्येक उद्या ही पुन्हा खेळण्याची संधी असे सांगतो. हा अर्थपालट सुखद आहे. पण कादंबरीतील घटनांना तो पूर्णतः पेलत नाही. गोळीबारात मार्क्स मरतो आणि उठत नाही. हॅना अरेंटने 1958 मध्ये लिहिले की केलेले कर्म परत घेता येत नाही, या मानवी अडचणीवर क्षमा हा एकमेव उपाय आहे. क्षमेला गतकर्माची आठवण लागते. नव्या डावाला ती लागत नाही. मागील गुण पुसले गेले की तो सुरू होतो. सॅम आणि सेडी क्षमेच्या ठिकाणी नवा डाव ठेवतात, आणि म्हणूनच जुना डाव त्यांचा पाठलाग सोडत नाही.

तो परत येतो एका वेगळ्या तबकडीच्या रूपाने. सेडीचा प्राध्यापक आणि तिला क्रूरपणे वागवणारा प्रियकर डॉव्ह याने रचलेल्या खेळयंत्रणेवर 'इचिगो' उभा राहिला होता, आणि ती वापरण्याचा आग्रह सॅमने धरला होता. पुढे कधीतरी डॉव्हच्या खेळाच्या तबकडीवरील समर्पणाची ओळ सेडीच्या नजरेस पडते आणि ती निष्कर्ष काढते: सॅमला सर्व ठाऊक होते, तरी त्याने आपल्याला त्या माणसाकडे परत पाठवले. या एका वाक्याच्या वाचनाने मधल्या वर्षांचा सगळा अर्थ तिच्यापुरता बदलतो. वाङ्‌मयविचाराशी परिचित असलेल्याला या ठिकाणी गंमत वाटावी. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांच्या 1946 च्या निबंधापासून कवितेचा अर्थ कवीच्या हेतूवर अवलंबून नसतो असे शिकवले जाते. पण मित्राच्या कृतीचा अर्थ त्याच्या हेतूवाचून लावायला हेतुदोषाचा कट्टर पुरस्कर्ताही तयार होणार नाही. गाडामरने 1960 मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटले की खेळ हा खेळणाऱ्यांच्या जाणिवेहून आद्य असतो, खेळच त्यांना खेळवतो. हे खरे मानले तर 609 तास हे निखळ खेळाचे तास होते आणि 'इचिगो' हे निखळ सहनिर्मितीचे फळ होते. मागाहून सापडलेला कोणताही कागद त्यांना खोटे पाडू शकत नाही.

गाडामरचे म्हणणे खेळापुरते मान्य करावेच लागते. ते माणसापुरते मान्य करता येत नाही. खेळ संपल्यावर सॅमला त्या दुखऱ्या पायावर उभे राहून चालत जावे लागते, सेडीला डॉव्हच्या घरी जावे लागते. वर्तुळ सोडून बाहेर येणारी ही देहधारी माणसे गाडामरच्या विवेचनात कोठेच नाहीत. सॅमचा राग आणि सेडीचा राग, दोन्ही या वर्तुळाबाहेरच्या माणसांचे आहेत. त्यांचा खेळ खरा होता असे सांगून ते शमणार नाहीत.

मार्क्सच्या मृत्यूनंतर शोकाने खचलेली, मार्क्सच्या मुलीची आई झालेली सेडी सर्वांपासून तुटते. सॅम तिच्यासाठी 'पायोनिअर्स' नावाचा एक खेळ रचतो: जुन्या ऑरिगनच्या वाटेसारखे जग, शेती, शेजारी, हिवाळा. स्वतः एका निराळ्या नावाने, एका स्त्री-डॉक्टरच्या रूपाने तो त्यात वावरतो. सेडीही अनोळखी नावाने येते. दोघे रोज भेटतात, पटावरचे खेळ खेळतात, त्या जगात विवाहही करतात. मग सेडीला उलगडा होतो, आणि ती संतापते.

हे सुदाम्याचे घर आहे काय? वरवर पाहता आहे. न सांगता दिलेले, याचक न करता दिलेले. परंतु सॅमची कृती सेडीच्या कागदाशी अधिक जुळते. तेव्हा सेडी वर्तुळाच्या आत खरी होती आणि बाहेर तिच्यापाशी एक लपवलेले वर्णन होते. आता सॅम आत खरा आहे, कदाचित आयुष्यात कधी नव्हता इतका खरा, आणि बाहेर त्याच्यापाशी लपवलेले नाव आहे. दोन्ही वेळी प्रेम निःसंशय आहे. दोन्ही वेळी एकाला चौकट दिसते आणि दुसऱ्याला फक्त चित्र. सॅमने 609 तास परत केले असे म्हणता येईल, पण ते द्रोणाने अर्धे राज्य परत केले त्या अर्थाने नव्हे ना, ही शंका उरते. फसवणुकीने फसवणूक फिटत नाही. तथापि कादंबरीने येथे एक सूक्ष्म भेद राखला आहे. सॅमचा कागद तिसऱ्या कोणी वाचणार नव्हता. त्याच्या खोटेपणातून कोणापुढे ठेवण्याजोगे पुण्य जमा होत नव्हते. उघडकीस आला तर गमावण्याखेरीज त्याला काही मिळणार नव्हते. सेडीला पुढे काळाच्या अंतराने हे उमगते. कादंबरीने हा उमज थोडा घाईने घडवून आणला आहे, असे म्हणावे लागते. सेडीच्या संतापाला आणखी काही पाने मिळणे न्यायाचे झाले असते.

वाचकांच्या मोठ्या वर्गाची तक्रार मात्र वेगळी आहे: ही दोघे शेवटपर्यंत विवाह का करीत नाहीत? प्रणयकथेच्या संकेताची ही मागणी आहे. अशा कथेत दुरावा हा एक अडथळा असतो आणि मीलन ही त्याची भरपाई. जपानी चित्रकथाकार रेन्सुके ओशिकिरी यांच्या 2010 ते 2018 या काळात आलेल्या 'हाय स्कोअर गर्ल'मध्ये हा संकेत पाळलेला आहे. 1991 च्या खेळघरांतून वाढलेली हारुओ आणि ओनो ही मुले दुरावतात आणि पुन्हा भेटतात. तेथे ओनो जवळजवळ कधीच बोलत नाही आणि खेळताना हारुओला कधीही सवलत देत नाही. तिचे हे निर्दय खेळणे हाच तिचा आदर आहे. तिच्या लेखी हारुओ कच्चे लिंबू नाही. प्रीती तेथे या आदराच्या पोटी जन्मते, म्हणून ती पटते.

झेव्हिनने मीलन नाकारले ते प्रीती नाही म्हणून नव्हे. प्रियकर पुष्कळ मिळतात, एकत्र खेळ रचणारा सोबती विरळा, अशी तिच्या पात्रांची धारणा आहे. मराठी भक्तिपरंपरेला हे परके वाटू नये. नवविधा भक्तीत सख्याचे स्थान दास्याच्या वर आहे, दासबोधाच्या चौथ्या दशकात त्याला स्वतंत्र समास आहे; आणि तुकारामाच्या गाथेत विटूदांडू, हुतूतू, चेंडूफळी या खेळांवर अभंग आहेत, ज्यांत देव आणि भक्त एकाच डावाचे गडी असतात. दास्यात उपकार असतो, त्याची फेड असते. गड्यांमध्ये राज्य आळीपाळीने येते, आणि ते देवावरही येते. या परंपरेशी झेव्हिनचा काही संबंध नाही. पण ज्या नात्याला इंग्रजी कादंबरीच्या परंपरेत विवाहाखेरीज फारसे नाव सापडत नाही, त्याला मराठीत नाव होते, एवढे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

कादंबरीच्या अखेरीस चाळिशीकडे झुकलेली ही दोघे बऱ्याच काळाने भेटतात. सॅमचा पाय आता कृत्रिम आहे, सेडी खेळरचना शिकवते आहे. झाल्या गोष्टींचा हिशेब कोणी मांडत नाही, पण 1995 मध्ये होते तसे हे न मांडणे विसरण्यातून आलेले नाही; दोघांनाही सर्व आठवते आणि दोघांनाही हे ठाऊक आहे की दुसऱ्याला सर्व आठवते. निरोपाच्या वेळी सेडी पुन्हा आपला एक खेळ त्याच्या हाती देते. पहिल्या वेळी सॅम तो तबकडीवर घेऊन गेला होता आणि आपल्याला काय दिले गेले हे त्याला रात्री खेळताना कळले होते. या वेळी तो काय म्हणून घेतो आहे हे त्याला घेतानाच ठाऊक आहे.